ताकतीची सुई

वैनगंगेकाठच्या बालाघाट गावात, हिंदी मुलखाच्या कडेला, मी तीसेक वर्षं दवाखाना चालवला. एवढ्या काळात नुसत्या गोळ्यांवर समाधान मानून घरी गेलेले पेशंट मला फारसे आठवत नाहीत. कटंगीहून किंवा खैरलांजीहून बस पकडून आलेला माणूस बाकावर बसल्या बसल्याच बाही वर सारायचा. नाडी पाहा, जीभ पाहा, छाती तपासा, त्याची कशालाच ना नसे. पण सुई टोचल्याशिवाय आपण डॉक्टरकडे जाऊन आलो असं त्याला वाटत नसे. घरी पोचल्यावर पहिला प्रश्न तोच असायचा, सुई लावली का? नाही म्हटलं तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या डॉक्टरच्या बाकावर दिसे.

म्हणून मीही सुई लावत असे. तापाची, अंगदुखीची आणि आजार ओसरल्यावर ताकतीची. ताकतीच्या सुया दोन प्रकारच्या होत्या. एक लाल, जीवनसत्त्वांची. तिने कोणाचं वाईट होत नसे आणि बहुतेकांचं भलंही होत नसे. दुसरी तेलातली, पिवळसर, घट्ट. थंडीत ते तेल सुईत ओढलं जात नसे, म्हणून मी कुपी मुठीत धरून गरम करायचो आणि तेवढ्यात पेशंटशी घरच्या गोष्टी काढायचो. दीर्घ आजाराने अंग झडलेल्यांना, हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्यांना द्यायचं ते औषध आमच्याकडे कोणालाही दिलं जाई. स्नायू भरत, भूक लागे, आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस उभा राही. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. त्यातला बराचसा गुण त्या तेलाचा होता. मला ते ठाऊक होतं, लोकांना नव्हतं. सुईचं नाव विचारायची आमच्या गावात पद्धत नव्हती आणि सांगायचीही नव्हती. कुपी फोडायची, औषध ओढायचं, रिकामी काच बादलीत टाकायची.

बुद्धविहारामागच्या गल्लीत राहणारा एक जीपवाला माझा जुना पेशंट होता. बालाघाट ते बैहर सवारी जीप चालवायचा. त्याची मुलगी धावायची. शाळेच्या, मग जिल्ह्याच्या, मग राज्याच्या शर्यती तिने जिंकल्या होत्या, पण मी तिला धावताना प्रथम पाहिलं ते बैहर रोडच्या घाटात. मी एका पेशंटला पाहायला त्याच जीपने जात होतो. पहाटेची पहिली खेप. घाट सुरू झाला तशी त्याने जीप थांबवली, पुढच्या सीटवरून मुलगी उतरली, चपला आत टाकून जीपच्या मागे उभी राहिली. मग जीप इतकी हळू चढू लागली की सवाऱ्या कुरकुरायला लागल्या.

"अरे भाऊ, गाडी आहे का बैलगाडी?" एकाने विचारलं.

"बैलगाडीच समजा जी," तो म्हणाला. "मागून इंजन येऊन राह्यलं."

सगळे मागे वळून पाहू लागले. मग कुरकुर बंद झाली आणि बायका तिला हिंदीत ओरडून चिडवू लागल्या, "चल बेटी, छूट जाएगी गाड़ी!" ती हसत नव्हती, कुणाकडे पाहतही नव्हती. वरपर्यंत तिने जीपपासून अंतर पडू दिलं नाही. वर पोचल्यावर तिने चपला घेतल्या, खाली येणाऱ्या दुधाच्या गाडीला हात केला आणि घरी गेली. हे रोजचं होतं.

नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं. त्या थंडीत तिला मोतीझिरा, म्हणजे टायफॉइड, झाला. मी उपचार केले, ताप उतरला, पण मुलगी अर्धी राहिली. पुढे राष्ट्रीय शिबिरासाठी निवड चाचणी होती. बाप तिला घेऊन आला.

"साहेब, हिचे पाय पाहा ना जी. बगळ्याचे झाले. एखादी ताकतीची लावून द्या."

"डाळ, भात, अंडी खाऊ घाल," मी म्हटलं. "आणि महिनाभर धावायला नको."

"महिनाभर? तोवर हिची जागा जबलपूरवाली घेऊन जाईल ना."

"मी खाऊन राह्यली ना बाबा," मुलगी म्हणाली. "सुई नको. दुखते."

"दुखलीच पाहिजे. न दुखनारी सुई काय कामाची?"

मी हसलो. कुपी काढली, मुठीत धरली, तिच्या शाळेची चौकशी केली आणि तिला पालथं झोपायला सांगितलं. आठवड्याला एक, अशा त्या सुया काही आठवडे चालल्या.

ती भरभर सावरली. चाचणीत निवडली गेली, शिबिराला गेली आणि उन्हाळ्यात परदेशी एका ज्युनियर स्पर्धेत मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत तिसरी आली. आमच्या गावातून त्याआधी कोणी विमानातसुद्धा बसलं नसेल, असं तिच्या गल्लीतले लोक म्हणत होते. गावाच्या क्रीडा समितीचा अध्यक्ष मीच होतो. सत्कार ठेवला. वैनगंगेचं पाणी आणि बालाघाटचा तांदूळ या मुलीच्या पायांत आहे, असं मी भाषणात म्हणालो. खूप टाळ्या पडल्या. जीपवाला पहिल्या रांगेत नव्या शर्टात बसला होता आणि टाळ्या वाजवायच्या की हात जोडायचे हे त्याला कळत नव्हतं. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून तिला नोकरी मिळणार, हेही त्याच दिवशी जाहीर झालं.

मग बातमी आली. शर्यतीनंतर घेतलेल्या लघवीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं. पेपरात त्याचं नाव छापलं होतं. चहाचा कप हातात असताना मी ते वाचलं आणि कप खाली ठेवला. माझ्या कपाटात त्या नावाच्या कुप्या होत्या.

त्या काळात जगभरचे खेळांचे नियम एक होत होते. नंतर मी ते मिळवून वाचले, तोवर मलाही नीट माहीत नव्हते. मूळ नियम सोपा आणि कठोर आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. कोणी दिलं, का दिलं, कळून घेतलं की नकळत, याने गुन्हा पुसला जात नाही. आजारासाठी औषध हवंच असेल तर त्याची परवानगी आधी काढावी लागते. मात्र ते अंगात कसं आलं हे खेळाडूने पटेल असं दाखवलं, तर शिक्षा किती द्यायची यात फरक पडू शकतो. आणि हे तेलातलं औषध असं की शेवटची सुई दिल्यावर कितीतरी महिने त्याचा अंश लघवीत येत राहतो. मी डॉक्टर होतो. ते तेल अंगात सावकाश विरघळतं हे मला माहीत होतं. पण पुढे कोणी तिच्या लघवीची बाटली तपासेल हा हिशेब मी केला नव्हता.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर बाप-लेक आले. ती बसली नाही.

"काका, दिल्लीवाले विचारून राह्यले का हे आंगात कुठून आलं. मी समदं आठवलं. शिबिरात आम्हाले दूध, केळं आनि एक कॅल्शियमची गोळी, एवढंच. मंग मले मोतीझिऱ्याची सुई आठवली. कोनती होती ती?"

तिने इतकं सरळ विचारलं की सरळ उत्तर देणं खरं म्हणजे सोपं होतं.

"जीवनसत्त्वांची," मी म्हटलं. "बी कॉम्प्लेक्स. सगळ्यांना देतो तीच."

"ते लाल राह्यते ना जी? माही पिवळी होती."

"तू पालथी होती, तुले काय दिसली?" बाप म्हणाला.

"काकाच्या मुठीत पाहिली होती मी, आधी."

"कुपीची काच तशी असते," मी म्हटलं. "काचेचा रंग दिसला असेल तुला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. बापाने तिचा दंड धरला. "झालं समाधान? साहेब काहून खोटं बोलतील?" मग माझ्याकडे वळून त्याने हात जोडले. "माफ करा जी. पोट्टीचं डोकं जागेवर नाई. तुमच्यावर शंका घेऊन राह्यली."

मी म्हणालो, असू दे. मी त्याला माफ केलं.

दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता, तिथलं बोलणं आत ऐकू येई. जेवताना बायको म्हणाली, "आईंना मागच्या थंडीत देत होतात, तीच ना ही?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मुठीत पाहिलीय मी पण."

"मी बोलून कायदा बदलणार आहे का? औषध सापडलंय. बंदी होणारच. उलट माझ्यावर केस होईल, दवाखाना जाईल. तिला काय मिळणार त्यातून?"

तिने माझ्या ताटात भाजी वाढली. "मी कायद्याचं विचारलं नव्हतं," ती म्हणाली, आणि पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

त्या कायद्याचा आधार मी वर्षानुवर्षं घेतला. कसं आलं याने गुन्हा पुसला जात नाही, मग मी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, असं मी स्वतःला समजावत असे. शिक्षा कमी होऊ शकते हा भागही मी वाचला होता, पण तो आठवायचं टाळत होतो. दिल्लीला सुनावणी झाली. कुठून आलं हे मला माहीत नाही, असं तिने सांगितलं. दोन वर्षांची बंदी झाली, पदक परत गेलं, रेल्वेच्या नोकरीचं पुढे कोणी बोललं नाही. तिच्या मागून जाणारे पोट्टे 'सुईवाली' म्हणून ओरडू लागले.

माझ्या बाकावर तर महिनाभर हाच विषय होता. "काय जमाना आला पाहा साहेब," खैरलांजीचा एक शेतकरी बाही वर सारत म्हणाला, "पोट्टी सुई लावून पळते म्हनते. लाज नाई." शेजारच्याने मान डोलावली. या लोकांकडून दुसरी काय अपेक्षा, असंही एक सरकारी नोकरीतला गृहस्थ माझ्याच भाषेत, मलाही तसंच वाटतं असं धरून बोलला. मी त्याच्यासाठी औषध ओढत राहिलो. माझ्या शब्दावर गावात कोणी शंका घेणार नव्हतं आणि तिच्या शब्दावर घ्यायला सगळे तयार होते. हे मला त्या दिवशीही कळत होतं.

सगळ्यात वाईट तिच्या घरात झालं. बापाने माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून त्याला मुलीवर ठेवता येईना. शिबिरात कोणी दिलं ते सांग, म्हणून तो तिच्या मागे लागला. ती काय सांगणार? जीप घाटात पुन्हा नेहमीच्या वेगाने चढू लागली. बंदी संपली तेव्हा तिला धावायला सांगणारं घरात कोणी नव्हतं. पुढे ती गोंदियाला एका खाजगी शाळेत खेळ शिकवायला गेली. बाप काही वर्षांनी अर्धांगवायूने गेला. अंत्ययात्रेत मी होतो. लोकांनी मला पुढे जागा करून दिली.

तेलातली सुई मी बंद केली. ती कंपनी आता माल पाठवत नाही, असं लोकांना सांगितलं. तेही खोटंच.

जीपवाल्याची मुलगी गोंदियाहून बालाघाटला परतली तेव्हा मी दवाखाना बंद केला होता. सकाळी फिरायला गेलो की मैदानावर ती दिसे. गळ्यात शिट्टी, समोर गल्लीतल्या, आसपासच्या गावांतल्या मुली. बरेच दिवस मी कडेने जाऊन कडेने परत येत होतो. एका सकाळी पायऱ्यांवर बसलो आणि ती मुलींना चक्कर मारायला पाठवून जवळ आली.

"तब्येत बरी आहे ना काका?"

"ती सुई पिवळी होती," मी म्हटलं.

तिने शिट्टी मुठीत घेतली. मी सगळं सांगितलं. औषधाचं नाव, कपाट, भीती. कायद्याचंही सांगितलं, की मी बोललो असतो तरी बंदी टळली नसती.

"कायद्याचं सोडा ना काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कमी झाली असती का नाई ते मले मालूम नाई. पन बाबा मले काय म्हने सांगू? साहेब खोटं बोलत नाई, मंग घरात कोन खोटं बोलून राह्यलं? मरेपर्यंत हेच. मले कायद्याले सांगायचं नव्हतं. बाबाले सांगायचं होतं."

मुली एक चक्कर मारून समोरून गेल्या. तिने बोटाने आणखी एक, अशी खूण केली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही तर बिमारीची म्हून देली होती. धावन्यासाठी थोडीच देली."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. तिनेच वाट करून दिली होती. पण अर्धंच सांगायचं तर मी त्या पायऱ्यांवर बसलो कशाला, असं मला वाटलं. त्या दिवशी कुपी मुठीत धरून मी तिच्याशी शाळेच्या गप्पा मारत होतो, तेव्हा घाटातली ती जीप मला आठवली होती. हिच्या पायांत जरा जास्तच जोर आला तर काय बिघडलं, असं माझ्या मनात आलं होतं. लाल सुईही कपाटात होती. अशक्तपणाला डाळ-भातही पुरला असता, ते तर मीच म्हटलं होतं. खेळाडू अशा गोष्टी घेतात आणि पकडले जातात, एवढं पेपरात वाचलेलं मला ठाऊक होतं. समितीचा अध्यक्ष होतो. गावाचं नाव व्हावं असं मलाही वाटत होतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या पायऱ्यांवर या मुलीला सांगितलं.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"मंग त्या शर्यतीत सुई किती धावली आनि मी किती?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "कोणालाच येणार नाही."

"मेडल गेलं तवा मी म्हनो, जाऊ द्या, धावली तर मीच होती ना. एवढंच ठेवलं होतं मी जवळ." तिने माझ्याकडे पाहिलं. "हे काहून सांगितलं काका?"

खरं सांगितल्याने माझं ओझं हलकं झालं, आणि तिच्याजवळ जे शेवटचं होतं त्यालाही मी हात लावला. दोन्ही एकाच वाक्यात झालं.

उठताना ती म्हणाली, "रविवारी पोट्ट्यांचे मायबाप येनार आहेत. तुम्ही या. हेच सांगा, समदं. आनि लिहून बी काढा. माहं नाव नको, बाबाचं बी नको. तुमचं टाकायचं का नाई ते तुम्ही पाहा."

रविवारी मी गेलो. सतरंजीवर मुली आणि त्यांचे आईवडील बसले होते. काही जण माझे जुने पेशंट होते, उठून पाया पडू लागले. मी त्यांना बसवलं आणि उभं राहून सांगितलं. सुईचं नाव विचारत जा, डॉक्टर कितीही मोठा असला तरी विचारा, मुलगी खेळते हे आधी सांगा. आणि हे मी का सांगतो आहे, तेही सांगितलं. ती बाजूला उभी होती. एका म्हाताऱ्याने, जो तिच्या बापाच्या जीपशेजारी आपली जीप लावायचा, मान खाली घातली आणि पुन्हा वर केली नाही.

सगळे पांगल्यावर एक बाई मुलीला घेऊन जवळ आली. मुलगी तापातून उठलेली दिसत होती, गळ्याची हाडं वर आली होती.

"तुमचं समदं आयकलं साहेब," ती हळूच म्हणाली. "ते धोक्याची नकोच. पन हिले लय कमजोरी आहे जी, आनि पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे. दुसरी एखादी असन तर लावून द्या ना."

दवाखाना बंद आहे, असं मी म्हणू शकलो असतो. जीपवाल्याची लेक थोड्या अंतरावर सरावाचे शंकू गोळा करत होती. हातातले शंकू तसेच धरून ती थांबली. मी काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं.

"डाळ, भात, अंडी," मी म्हटलं. "आणि महिनाभर धावायला नको."

"महिनाभर?" बाई म्हणाली. "तोवर हिची जागा जाईन ना."

मी बोलण्याआधीच शंकू खाली ठेवून ती पुढे आली. तिने त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हौ," ती म्हणाली. "जाऊ दे. महिनाभर."